ईमॅक्स थेट सोर्स कोडमधून बांधून पाहा!

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आणलेला जीएनयू ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर आजही पूर्ण खुला आहे. २०१४ पासून त्याचा कोड गिटमध्ये आहे. डेबियन किंवा उबुंटूवर तो असा बांधा:

१. आधी सी कम्पायलर आणि लागणाऱ्या लायब्ररी बसवून घ्या. ॲप्टच्या ‘बिल्ड-डेप’ने त्या एकदम मिळतात.

२. जीएनयूच्या सॅव्हाना सर्व्हरवरून कोड क्लोन करा. जुना इतिहास नको असेल तर डेप्थ १ द्या, डाउनलोड बरंच कमी होतं.

३. ‘ऑटोजेन’ चालवा. कॉन्फिगर स्क्रिप्ट गिटमध्ये नसते, ती इथे तयार होते.

४. ‘कॉन्फिगर’ चालवा आणि शेवटी येणारी यादी नक्की वाचा. हार्फबझसमोर ‘येस’ हवंच! ईमॅक्स २७ पासून आपली जोडाक्षरं नीट जुळवायला हीच लायब्ररी वापरतात.

५. आता ‘मेक’.

खरी गंमत इथे आहे. आधी सी भाषेतला गाभा कम्पाइल होतो, त्याचं नाव टीमॅक्स. मग हा अर्धा एडिटर स्वतःच लिस्पच्या फायली लोड करतो आणि तयार झालेली स्थिती एका डंप फाइलमध्ये साठवतो. पुढे प्रत्येक वेळी ती फाइल वाचूनच ईमॅक्स झटकन उघडतो.

इन्स्टॉल करायची घाई नको. ‘एसआरसी’ फोल्डरमधूनच तो चालतो, जुन्या ईमॅक्सला धक्का लागत नाही. एखादी लिस्प फाइल बदला, पुन्हा ‘मेक’ करा आणि फरक बघा. रोजचं साधन आतून कळण्याचा आनंद प्रत्येकाने घ्यावा!