सोव्हिएत साइडकारचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण प्रामुख्याने देवळांच्या संदर्भात वापरतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या हेमाडपंती देवळांच्या कोरीव दगडांवर श्रद्धेपोटी चकचकीत तैलरंगाचे थर चढले आणि देऊळ नवे दिसू लागताच त्याचे वय मात्र पुसले गेले, हे आपण पाहिले आहे. वस्तू वाचवायची म्हणजे तिच्यातील नेमके काय वाचवायचे, हा प्रश्न केवळ देवळांपुरता नाही. रशिया, युक्रेन, पोलंड, हंगेरी या देशांतील छोट्या-मोठ्या कार्यशाळांमध्ये तो एका वेगळ्याच वस्तूच्या निमित्ताने रोज उभा राहतो. ही वस्तू म्हणजे सोव्हिएत काळातील साइडकारची मोटारसायकल.

साइडकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर 'शोले'मधील जय-वीरूची जोडी येते. ती मोटारसायकल ब्रिटिश बनावटीची होती. सोव्हिएत घराण्याचा मूळपुरुष मात्र जर्मन. बीएमडब्ल्यू कंपनीने १९३८ साली बाजारात आणलेल्या 'आर-७१' या मोटारसायकलीवरून लाल सेनेसाठी 'एम-७२' तयार करण्यात आली. आडवे, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना बाहेर आलेले दोन सिलिंडर, ७४६ घनसेंटिमीटर क्षमता, २२ अश्वशक्ती, चार गिअर आणि साखळीऐवजी मागच्या चाकाला फिरवणारा दांडा, अशी तिची रचना होती. पेट्रोलची टाकी मात्र १४ लिटरवरून २२ लिटर करण्यात आली. कारण रशियाची अंतरे जर्मनीची नव्हती.

१९४१ साली मॉस्कोत उत्पादन सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. शत्रू मॉस्कोच्या रोखाने सरकत असताना कारखाना उचलून उराल पर्वताच्या पलीकडे, इर्बित या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी नेण्यात आला. तेथील एका मद्यनिर्मितीच्या जुन्या इमारतीत यंत्रे बसवली गेली आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये पहिल्या मोटारसायकली बाहेर पडल्या. युद्धकाळात जवळपास दहा हजार गाड्या इर्बितहून आघाडीवर गेल्या. गॉर्की आणि कीव्ह येथेही हे उत्पादन झाले. पुढे इर्बितची 'उराल' आणि कीव्हची 'द्नेप्र' अशी दोन घराणी प्रस्थापित झाली, तर चीनमध्ये याच वंशाची 'चांग जियांग' जन्माला आली.

सैन्यातून निवृत्त झालेल्या या गाड्या खेड्यापाड्यांत गेल्या. बटाट्यांची पोती, गवताचे भारे, दुधाच्या बरण्या आणि अख्खे कुटुंब, सारे काही त्यांनी वाहिले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मोटारी सुलभ झाल्या आणि साइडकारची रवानगी गोठ्यात किंवा परसात झाली. आज जीर्णोद्धारासाठी हाती येते ती ही अशी: इंजिन जाम, पाळण्याचा पत्रा चाळणीसारखा आणि रंगाचे चार-पाच थर चढलेली.

आधी नोंद, मग पान्हा

जाणकार कारागीर अशा गाडीला प्रथम पान्हा लावत नाही. तो तिचे वाचन करतो. सांगाडा, इंजिन आणि गिअरबॉक्स यांवरील कोरलेले क्रमांक टिपून घेतले जातात. हे क्रमांक परस्परांशी जुळले नाहीत, तर नवखा माणूस निराश होतो. वस्तुतः या गाड्यांच्या बाबतीत न जुळणे हाच नियम म्हणावा लागेल. लष्करी दुरुस्ती-तळांवर सरसकट इंजिने बदलली जात. शिवाय एम-७२, उराल आणि द्नेप्र यांचे कित्येक भाग एकमेकींना बसतात. त्यामुळे एकाच गाडीत तीन दशकांचे आणि दोन कारखान्यांचे भाग आढळणे हे भेसळीचे लक्षण नव्हे, तर तिच्या आयुष्याची नोंद आहे.

हीच गोष्ट रंगाची. एखाद्या आडोशाच्या जागी बारीक पॉलिश पेपरने रंगाचा एकेक थर उतरवत गेले, की आतील वर्तुळे झाडाच्या खोडासारखी दिसू लागतात. वरच्या निळ्या किंवा तांबड्या रंगाखाली बहुधा लष्करी हिरवा सापडतो. म्हणूनच सारा रंग एकदम वाळूच्या झोताने उडवण्यापूर्वी ही तपासणी आवश्यक आहे. उडालेला पुरावा परत मिळत नाही.

दिसायला बहिणी, स्वभाव निराळे

जाम झालेल्या इंजिनाला किक मारत सुटणे हा सर्वांत महागडा उतावळेपणा. स्पार्क प्लगच्या छिद्रातून गंज सैल करणारे तेल सोडून काही दिवस थांबावे आणि मग हलक्या हाताने मागे-पुढे फिरवून पाहावे, हा जुना मार्ग आजही सर्वोत्तम आहे. ॲल्युमिनियममध्ये रुतून बसलेले पोलादी स्क्रू जोर लावून तोडण्यापेक्षा त्या जागी उष्णता द्यावी. ॲल्युमिनियम अधिक प्रसरण पावते आणि पकड सुटते.

पुढे मात्र उराल आणि द्नेप्र यांचे मार्ग वेगळे होतात. एम-७२ आणि उराल यांचा क्रँकशाफ्ट वेगवेगळे तुकडे प्रचंड दाबाखाली एकत्र बसवून केलेला असतो आणि कनेक्टिंग रॉड रोलर बेअरिंगवर फिरतात. तो उघडणे व पुन्हा अचूक रेषेत बसवणे हे चांगल्या प्रेस यंत्राचे आणि त्याहूनही चांगल्या हाताचे काम. वरच्या बाजूस व्हॉल्व्ह असलेल्या द्नेप्रचा क्रँकशाफ्ट एकसंध असून त्यावर मोटारीप्रमाणे साध्या बेअरिंगच्या वाट्या बसतात. त्यांना सतत स्वच्छ आणि दाबाखालील तेल लागते. ते तेल गाळण्यासाठी क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला फिरती गाळणी असते. तिच्यात वर्षानुवर्षांचा गाळ दगडासारखा घट्ट झालेला असतो. इंजिन सुरू झाले, आवाज गोड आहे, असे म्हणून ही गाळणी न उघडता गाडी रस्त्यावर काढली, तर बेअरिंग तेलाविना जळते. एम-७२ मध्येही क्रँकशाफ्टवरील तेलाच्या पन्हळींत असाच गाळ साचतो. 'सुरू झाली' आणि 'दुरुस्त झाली' या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा या इंजिनांइतका कठोरपणे क्वचितच कुणी शिकवते.

जुन्या गाड्यांची विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची. तिचा दिवा अंधुक असल्याने अनेक जण १२ व्होल्टची व्यवस्था बसवतात. शुद्धतावाद्यांना हे खटकते. परंतु येथे एक सोपी कसोटी लावता येते. जो बदल उद्या काढून टाकून मूळ स्थिती परत आणता येईल, तो क्षम्य. ज्यासाठी सांगाडा कापावा किंवा क्रमांक घासावा लागेल, तो अक्षम्य.

पाळण्याचे गणित

साइडकार म्हणजे मोटारसायकलीला बांधलेली टोपली नव्हे. रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी घडलेल्या या गाड्यांचा पाळणा उजवीकडे असतो. वेग वाढवला की पाळणा मागे रेंगाळतो आणि गाडी उजवीकडे ओढते. ब्रेक दाबला की पाळणा पुढे धावू पाहतो आणि गाडी डावीकडे वळू लागते. उजवे वळण वेगात घेतल्यास रिकामा पाळणा चक्क उचलला जातो. म्हणून जोडणी करताना पाळण्याचे चाक समोरच्या बाजूने काही मिलिमीटर आत झुकवावे लागते आणि मोटारसायकल पाळण्यापासून एखाद-दोन अंश बाहेर कललेली ठेवावी लागते. सपाट फरशी, दोन सरळ फळ्या आणि मोजपट्टी एवढ्या साधनांवर हे काम होते. ते चुकले, तर उत्तम इंजिनाची गाडीही चालकाचे खांदे भरून आणते.

पाळणा काढून टाकला तरी गाडी आपला स्वभाव विसरत नाही. साइडकारच्या एम-७२ च्या मागील चाकाकडील गिअरचे दाते ८ आणि ३७ या प्रमाणात असतात. एकट्या गाडीसाठी ते ९ आणि ३५ असे होते. म्हणजेच ही गाडी वेगासाठी नव्हे, ओझ्यासाठी घडवलेली आहे.

खोटा जर्मन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जर्मन लष्करी मोटारसायकलींना संग्राहकांच्या बाजारात मोठी किंमत मिळते आणि अस्सल गाड्या दुर्मीळ आहेत. परिणामी गेल्या काही दशकांत असंख्य एम-७२ आणि त्यांच्या वंशजांचे क्रमांक घासले गेले, टाकीवर निळे-पांढरे बोधचिन्ह चिकटवले गेले, अंगावर करडा रंग आणि जर्मन सैन्याची चिन्हे चढवण्यात आली. चित्रपटांत जर्मन सैनिक दाखवण्यासाठीही याच गाड्या वापरल्या गेल्या. चित्रपटातला वेश चित्रीकरणानंतर उतरवता येतो. घासलेला क्रमांक पुन्हा उमटत नाही.

यातील विपर्यास लक्षात घ्यावा. ज्या सैन्याच्या आक्रमणामुळे कारखाना उचलून उरालपलीकडे न्यावा लागला, त्याच सैन्याचा गणवेश त्या कारखान्याच्या अपत्याला चढवला जातो. फसवणूक केवळ खरेदीदाराची होत नाही. कडाक्याच्या थंडीत त्या इमारतीत उभे राहून हे लोखंड घडवणाऱ्यांचीही होते.

सुदैवाने दृष्टी बदलते आहे. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या तुरिन सनदेत वाहन नवे करण्यापेक्षा आहे ते जतन करण्यावर भर आहे. आपल्याकडेही जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढील दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बांधा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. जुनी जावा, राजदूत किंवा बुलेट जपणाऱ्या आपल्या हौशी मंडळींनाही ही कसोटी तितकीच लागू पडते.

२०२२ साली रशियावरील निर्बंधांनंतर उरालची जुळणी कझाकस्तानातील पेत्रोपाव्लोव्हस्क येथे हलली. कीव्हचे मोटारसायकल उत्पादन तर त्याआधीच थांबले होते. परसात गंजत पडलेल्या जुन्या गाड्यांचे मोल त्यामुळे आणखी वाढले आहे. कारण तशा पुन्हा होणार नाहीत. गंज थांबवावा, इंजिनाला प्राण द्यावा, ब्रेक निर्धोक करावेत, यात दुमत नाही. पण ठिगळ लावलेला पत्रा, न जुळणारे क्रमांक आणि रंगाखालचा हिरवा रंग यांना हात लावण्यापूर्वी कारागिराने थोडे थांबावे. देवळावरचा तैलरंग काढायला पुढे कितीतरी कष्ट पडतात. तो न लावणे मात्र आपल्याच हाती असते.