शेवटच्या चार ओळी

हॉलंडमधलं हारलेम, 1682. आब्राहम कास्तेलेननं 1656 मध्ये सुरू केलेलं वर्तमानपत्र आता त्याची विधवा मार्गारेथा फान बांकेन चालवते. तो जाऊन वर्ष होत आलं, पण मंगळवार, गुरुवार, शनिवारचा अंक चालूच आहे. तिच्या छापखान्यातल्या एका दिवसाच्या या वेळा मी बसवल्या आहेत. कामं मात्र त्या काळच्या छापखान्यातलीच.

पहाटे 5 : आदल्या दिवशी भिजवून वजनाखाली ठेवलेले कागदाचे ताव चाचपून पाहायचे. ओल बरोबर हवी. कोरड्या कागदावर शाई नीट बसत नाही.

7 : टपाल येतं. व्हिएन्ना, व्हेनिस, पॅरिस. प्रत्येक बातमीच्या माथ्यावर गाव आणि तारीख.

9 : ॲमस्टरडॅमहून घोड्यानं ओढत आणलेली नाव कालव्याच्या धक्क्याला लागते. हा कालवा 1632 पासूनचा. नावेतून पुस्तकविक्रेत्यांच्या चिठ्ठ्या येतात. माझा सगळा जीव या चिठ्ठ्यांत आहे. अमुक पुस्तक छापून तयार, अमक्याच्या दुकानात मिळेल. कोणी लिहितो, हे पुस्तक मी छापायला घेतलंय, दुसऱ्यानं त्यात पैसे घालू नयेत. कोण्या दिवंगत धर्मोपदेशकाच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव असतो. त्याची यादी कोणत्या गावांत कोणाकडे मिळेल, तेही त्यात असतं. ‘अप्रतिम’, ‘अवश्य वाचा’ असलं काही नाही. पुस्तक कोणतं आणि कुठं मिळेल, एवढं कळलं की गावोगावचे वाचक आणि विक्रेते पुढचं पाहून घेत.

11 : जुळारी उलटे खिळे जुळवतो. आधी बातम्या, मग अगदी शेवटी चिठ्ठ्यांतल्या जाहिराती, चारेक ओळींच्या.

दुपारी 1 : मुद्रितं तपासून होतात. फर्मा यंत्रावर चढतो. एक जण लोकर भरलेल्या कातडी गोळ्यांनी जवसाच्या तेलाची काळी शाई खिळ्यांवर थोपटतो, दुसरा दांडा ओढतो. एक बाजू झाली की तीच थप्पी उलटून दुसरी. हात भरून येतात, पण यंत्र थांबत नाही.

रात्री 8 : ओले अंक दोरीवर. उद्या ते नावेनं आणि टपालानं गावोगाव जातील.

त्या शतकातल्या डच वर्तमानपत्रांत पुस्तकांच्या अशा हजारो जाहिराती सापडतात. त्यातल्या कित्येक पुस्तकांची एकही प्रत आज हाती लागत नाही. ती निघाली होती, हे आपल्याला कळतं ते अंकाच्या तळाशी छापलेल्या या चार ओळींमुळे.