खिशातल्या चाकूला खिसाच मिळेना!

चाकू म्हटलं की आपल्याकडच्या सिनेमाप्रेमींना पहिला आठवतो तो रामपुरी. अंधारी गल्ली, खटक्याचा आवाज आणि समोरच्याची पाचावर धारण! पडद्यावरच्या खलनायकांनी उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचं नाव असं काही बदनाम केलं, की खिशात चाकू ठेवणारा माणूस म्हणजे गुंडच, अशी समजूत होऊन बसली. वास्तविक आपल्या आजोबा-पणजोबांच्या चंचीत अडकित्ता असायचाच की! तोही धारेचाच, पण त्याला कुणी शस्त्र म्हटलं नाही. उलट पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते कौतुकानं जपून ठेवले आहेत.

असंच कौतुक जगभर वाट्याला आलेला खिशातला आणखी एक सोबती म्हणजे लाल मुठीचा, पांढऱ्या क्रॉसचा 'स्विस आर्मी नाइफ'. परदेशाहून येणाऱ्या काका-मामांच्या बॅगेतून चॉकलेटांबरोबर तो आपल्याही अनेक घरांत आला. मात्र गेली पंचवीसेक वर्षं या चाकूची विचित्र कोंडी झाली आहे. तो जमवणारे शौकीन उदंड आहेत, पण तो बाळगायला मोकळीक उरलेली नाही.

कथा सुरू होते १८८४ साली, स्वित्झर्लंडच्या श्वित्स परगण्यातल्या इबाख गावात. कार्ल एल्सनर नावाच्या तरुण कारागिरानं तिथे चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला. त्याच सुमारास, १८८९ मध्ये, स्विस लष्करानं नवी रायफल स्वीकारली. ती खोलायची तर स्क्रू-ड्रायव्हर हवा. शिपायाचं जेवण डबाबंद, म्हणजे डबा फोडायचं हत्यारही हवं. दोन्ही कामं करणारा एकच चाकू द्यावा असं लष्करानं ठरवलं. पात, टोच्या, डबाफोडणी आणि स्क्रू-ड्रायव्हर असा सरळसाधा, गडद लाकडी मुठीचा हा चाकू होता. पण इतक्या संख्येनं तो बनवणारा एकही कारखाना देशात नव्हता! पहिला माल आला शेजारच्या जर्मनीतून, झोलिंगनहून.

आपल्या सैन्याच्या खिशात परक्याचा चाकू, हे एल्सनरच्या मनाला लागलं. त्यानं देशातल्या इतर कारागिरांना एकत्र केलं आणि १८९१ मध्ये लष्कराला पहिला स्वदेशी चाकू दिला. स्वदेशीचा हा उत्साह त्याला महागात पडला. जर्मन कारखाने तोच चाकू स्वस्तात देत होते. बरोबरच्या मंडळींनी अंग काढून घेतलं. एल्सनर दिवाळखोरीच्या काठावर जाऊन पोहोचला आणि नातेवाइकांनी हात दिला म्हणूनच तरला.

तगून राहिलेल्या एल्सनरनं मग जी युक्ती काढली, तिच्यावर आजही सगळा डोलारा उभा आहे. घडीच्या चाकूचा जीव त्याच्या पाठीतल्या स्प्रिंगमध्ये असतो. पातं उघडताना जो 'टक्' आवाज येतो, तो स्प्रिंगनं पात्याची टाच दाबून धरल्याचा. एल्सनरनं एकाच स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी कामाला लावलं. पोटाकडून पाती उघडतात, पाठीकडून बूच काढायचा पिळा आणि टोच्या. हत्यारं वाढली, पण चाकूची जाडी वाढली नाही. १२ जून १८९७ रोजी या 'अधिकारी आणि खेळाडूंच्या चाकू'ची कायदेशीर नोंद झाली.

यातली गंमत अशी, की हा चाकू लष्करानं कधी अधिकाऱ्यांना दिलाच नाही! अधिकारी तो स्वतःच्या पैशानं विकत घेत. शिपायाच्या सरकारी चाकूला बाटलीचं बूच काढायचा पिळा कधीच नव्हता. म्हणजे जग ज्याला आर्मी नाइफ म्हणून ओळखतं, तो सैन्याचा अधिकृत चाकू नव्हेच. नावही स्विसांनी दिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी हे चाकू भेट म्हणून घरी नेले. त्यांचं 'ऑफित्सिअर्समेसर' हे जर्मन नाव काही जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी सरळ 'स्विस आर्मी नाइफ' म्हणायला सुरुवात केली. 'व्हिक्टोरिनॉक्स' हे कंपनीचं नाव मात्र घरगुती आहे. १९०९ साली वारलेल्या आईचं नाव व्हिक्टोरिया आणि १९२१ पासून वापरात आलेलं न गंजणारं पोलाद म्हणजे 'इनॉक्स', या दोहोंची ती जोड.

आज या घराण्याची चौथी पिढी कंपनी चालवते. २०१७ साली तिथून पन्नास कोटीवा चाकू बाहेर पडला. 'स्विसचँप' या मॉडेलमध्ये ३३ कामं, ६४ सुटे भाग आणि वजन अवघं १८५ ग्रॅम! १९९५ मध्ये अमेरिकी यान रशियाच्या 'मीर' अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं. तेव्हा पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं दार उघडायला क्रिस हॅडफिल्ड या कॅनडाच्या अंतराळवीरानं हाच चाकू वापरला होता.

संग्राहकांचा जीव अडकतो तो मात्र अशा पराक्रमात नव्हे, तर बारीकसारीक खुणांत. १९६१ मध्ये आलेला शिपायांचा अॅल्युमिनियमच्या मुठीचा चाकू २००८ पर्यंत दिला गेला. त्याच्या पात्याच्या बुडाशी ते बनल्याचं साल ठोकलेलं असतं. आपल्या जन्माच्या सालाचा चाकू मिळवायला लोक वर्षानुवर्षं बाजार धुंडाळतात. वेंगर या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या चाकूंनाही वेगळा भाव आहे, कारण २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनं ती विकत घेतली आणि पुढे तिच्या नावाचे चाकू बंद झाले. याच वेंगरनं ८७ हत्यारांचा, किलोहून जड असा एक अवाढव्य चाकू काढला होता. तो खिशात कसा ठेवायचा हे विचारण्यात अर्थ नाही. असल्या चाकूपेक्षा सालाचा शिक्का मारलेला साधा शिपाईगडीच जास्त मोलाचा.

या भरभराटीला खीळ बसली ११ सप्टेंबर २००१ रोजी. अमेरिकेत विमानं पळवून घातपात झाले आणि जगभरच्या विमानतळांवर चाकूला बंदी आली. कंपनीचा मोठा खप विमानतळांवरच्या दुकानांत होता. तो रातोरात थांबला आणि चाकूंची विक्री सुमारे एक तृतीयांशानं घसरली. आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यावर पेटते. एल्सनर कुटुंबानं तेव्हा कुणाला कामावरून काढलं नाही. जादा काम बंद केलं, सुट्या घ्यायला लावल्या आणि काही कामगारांना परिसरातल्या दुसऱ्या कंपन्यांमध्ये तात्पुरतं पाठवलं. मग घड्याळं, प्रवासी बॅगा यांचा पसारा वाढवून धंदा सावरला.

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेनं सहा सेंटिमीटरपर्यंतचं पातं विमानात न्यायला परवानगी देऊ केली. हवाई कर्मचाऱ्यांनी असा गदारोळ केला, की जूनमध्ये तो विचार सोडून द्यावा लागला. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? अपघात असो वा हल्ला, बंद विमानात पहिली झळ त्यांनाच बसते. पण याचा एक अजब परिणाम झाला आहे. अमेरिकी विमानतळांवर प्रवाशांनी सोडून दिलेले चाकू पेनसिल्व्हेनियासारखी राज्य सरकारं गठ्ठ्यानं विकतात आणि ते घ्यायला पुढे येतात संग्राहकच! एकाच्या खिशातून निघालेला चाकू दुसऱ्याच्या कपाटात जातो.

विमानतळाबाहेरही वाट सोपी नाही. स्विस लष्करानं २००८ मध्ये एका हातानं उघडणारं, अडकून बसणारं पातं असलेला नवा चाकू निवडला. त्याच वर्षी शेजारच्या जर्मनीनं सबळ कारणाशिवाय असे चाकू बाळगायला बंदी घातली. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतचं, घडी होणारं आणि न अडकणारं पातं एवढंच विनाकारण बाळगता येतं.

आपल्याकडे शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. स्विस चाकूचं पातं या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. तरीही सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी महाराष्ट्रात पोलीस जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीचेही आदेश काढतात आणि त्यात चाकूचाही उल्लेख असतो. अशा दिवसांत चाकू घरी ठेवलेलाच बरा.

२०२४ मध्ये कंपनीचे प्रमुख कार्ल एल्सनर यांनी जाहीर केलं, की पातंच नसलेल्या खिशातल्या हत्यारांवर काम चालू आहे. सायकलस्वारांसाठी अशी वस्तू उपयोगी पडेल, असं त्यांचं म्हणणं. पात्याचे चाकू बंद होणार नाहीत, हेही कंपनीनं लगोलग सांगितलं. पण ज्यांच्या पणजोबांनी पात्यासाठी दिवाळखोरी ओढवून घेतली, त्यांनाच बिनपात्याचा विचार करावा लागतो आहे!

तेव्हा विमानानं निघताना चाकू बॅगेत, सामानाबरोबर आत पाठवायचा. आणि किल्ल्यांचा जुडगा एकदा जरूर तपासायचा. जेमतेम ५८ मिलिमीटरचा 'क्लासिक' बहुतेक वेळा त्यालाच लटकलेला असतो.