आईच्या घड्याळातले अडीच तास

आई पहिल्यांदा सिंगापूरला आली तेव्हा चांगी विमानतळावर तिने आधी मनगट पुढे केलं. एचएमटीच्या घड्याळात पहाटेचे ५, भिंतीवर ७:३०. "आठ तास बसले होते का रे मी?"

तिकिटावर तसंच दिसतं : रात्री ११:३० ते सकाळी ७:३०. त्यातले अडीच तास दोन देशांच्या वेळेतल्या फरकाचे. हवेत गेले ते साडेपाच. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. परतताना ते अडीच तास परत मिळतात. हिवाळ्यात मात्र उंचावरचा पश्चिमेचा वारा समोरून येतो आणि प्रवास थोडा लांबतो.

पूर्वी दोन देशांच्या वेळेतला हा फरक दोनच तासांचा होता. १ जानेवारी १९८२ला सिंगापूरने घड्याळं अर्धा तास पुढे नेली. म्हणून इथे सातला उजाडतं आणि आई तुळशीला पाणी घालायला खिडकीशी ताटकळत बसते.

तीन आठवडे तिने घड्याळ मुंबईवरच ठेवलं. बाबांच्या गोळीची वेळ चुकायला नको होती.