ब्रेकमधला बुडबुडा नेमकं काय खातो?

"मार... मार... मार... धरून ठेव!"

बारामती किंवा इंदापूरच्या कुठल्याही गॅरेजात ही हाळी कानावर पडते. एक जण आपे रिक्षात बसून ब्रेकचं पॅडल दाबत असतो, दुसरा मागच्या चाकाशी उकिडवा बसून पाना फिरवत असतो. निप्पलला लावलेल्या पारदर्शक नळीतून पिवळसर ऑईल सरकतं आणि त्यात बारीक बुडबुडे दिसतात. ब्रेकचं रबर किट बदलण्यासाठी ऑईलची लाइन सोडवली, तेव्हा ही हवा आत शिरली. आता ती निघाल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. एवढ्याशा बुडबुड्यांची एवढी धास्ती कशासाठी?

बारामतीच्या एमआयडीसीत, पियाजिओच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या आपेच्या तिन्ही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक असतात. पाय आणि चाक यांच्यामध्ये ना साखळी, ना दोरी. असतो तो फक्त बारीक पाइपात भरलेला ऑईलचा एक अखंड धागा. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम. त्यावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली छापला गेला. पाइप कितीही वळसे घेऊन गेला तरी पायाचा जोर तिन्ही चाकांपर्यंत पोहोचतो तो याच नियमाने.

आता थोडा हिशोब करू. पायाने 20 किलोचा जोर दिला आणि पॅडलच्या दांडीने तो चौपट केला, तर पॅडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या, पिस्टनवर 80 किलो येतात. पिस्टनचा व्यास 19 मिलिमीटर धरला, तर ऑईलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 28 किलोचा दाब तयार होतो. एवढ्या दाबाखाली ऑईल आकसतं ते हजारात एक-दोन भाग, म्हणजे जवळजवळ नाहीच. हवा मात्र आकसून तिसाव्या हिश्श्याच्या आसपास येते. लाइनमध्ये 1 मिलिलिटर हवा असेल, तर ती चेपण्यातच पिस्टन साडेतीन मिलिमीटर आणि पॅडल 14 मिलिमीटर खाली जातं. 3 मिलिलिटर हवा असेल, तर चार सेंटिमीटरहून जास्त! पॅडल तळाला टेकायला आणखी उरतं किती?

इथेच खरी गंमत आहे. बुडबुडा जोर खात नाही. पास्कलचा नियम त्याच्या आतही लागू आहे. बुडबुड्यात जेवढा दाब, तेवढाच भोवतीच्या ऑईलमध्ये. तो खातो पॅडलची चाल. दाब चढायच्या आत पाय फळीला टेकतो आणि चाक तसंच फिरत राहतं. म्हणूनच "दोन-तीनदा पंप मारला की ब्रेक लागतो" असं चालक सांगतात. झटपट मारलेल्या प्रत्येक पंपासरशी ब्रेक ऑईलच्या टाकीतलं थोडं जादा ऑईल लाइनमध्ये येतं आणि हवेने खाल्लेली जागा तेवढ्यापुरती भरून निघते. पण समोर अचानक कोणी आडवं आलं, तर दुसरा पंप मारायला वेळ कुठला?

हवा काढायची रीत या समजुतीवरच उभी आहे. निप्पल असतं चाकाच्या सिलिंडरच्या वरच्या अंगाला, कारण हवा वर चढते. नीरेच्या कालव्यावरून किंवा उजनीच्या फुगवट्यातून उसापर्यंत पाइपलाइन नेणारा शेतकरी सगळ्यात उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतो, तोच हा न्याय. पॅडल दाबून धरलं की निप्पल जरासं सैल करायचं, ऑईल आणि बुडबुडे बाहेर पडू द्यायचे आणि पाय उचलायच्या आधी निप्पल घट्ट आवळायचं. हा क्रम चुकला तर परतणारा पिस्टन हवा उलट आत ओढतो. नळीचं दुसरं टोक ऑईलमध्ये बुडवून ठेवायचं ते यासाठीच. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही आणि नवं ऑईल ओतताना डबा हलवायचा नाही. हलवला की त्यात बारीक बुडबुडे मिसळतात. बहुतेक गाड्यांत सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून होते. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळायचा.

दुरुस्ती न करताही बुडबुडा जन्मू शकतो. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 प्रतीचं नवं ऑईल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा 140 अंशांवर येते. बारामतीहून जेजुरी, सासवडमार्गे पुण्याला जाताना दिवे घाट उतरावा लागतो. सतत ब्रेक दाबत उतरलं आणि ऑईल तापून उकळलं, तर लाइनमध्ये वाफ होते. वाफही हवेसारखीच चेपते. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर आणि ठरल्या मुदतीत नवं ऑईल, दोन्ही हवं.

मग पुणे-सोलापूर महामार्गावरचे मोठे ट्रक आणि एसटी हवेवरच कशा थांबतात? तिथे कॉम्प्रेसर टाकीत हवा भरत राहतो. हवा चेपली तरी मागून आणखी येते. ब्रेक पायाच्या चालीवर अडत नाही. त्या गाड्यांत उलट टाकीत साठलेलं पाणी काढावं लागतं. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मात्र एका दाबात पाय ढकलेल तेवढंच ऑईल पुढे जातं, आणि त्यातला थेंब न् थेंब चाकाच्या कामी यावा लागतो.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना पॅडल स्वतः दाबून बघा. स्पंजासारखं लागलं तर हवा उरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकलं तर कुठे तरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलं आहे. आधी मोकळ्या जागेत, हळू वेगात ब्रेक लावून पाहा. मेकॅनिक "आणखी एकदा हवा काढू" म्हणाला, तर त्याला घाई लावू नका. तो तुमच्या पायाखालची चाल तुम्हाला परत मिळवून देतो आहे.