नौकेच्या बुडातलं पितळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिडाच्या नौकेच्या बुडाला मुद्दाम भोकं पाडलेली असतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पण इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं. मोरीचं, संडासाचं पाणी बाहेर सोडावं लागतं. आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या तीस फुटी नौकेत अशी पाच-सात भोकं सहज निघतात आणि त्यांतली बरीचशी पाण्याच्या पातळीखाली असतात. प्रत्येक भोकात एक आरपार पाइप, त्याच्या आतल्या तोंडावर व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हला जोडलेली रबरी नळी, अशी ही रचना. या व्हॉल्व्हला सीकॉक म्हणतात. नळी फाटली की तो बंद करायचा.

तो बंदच झाला नाही, किंवा हातात तुटून आला, तर? पाण्याखाली दोन फुटांवर असलेल्या दीड इंची भोकातून मिनिटाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत येतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी पाच-सात मिनिटांत भरावी, असा हा वेग. शिवाय नौका नांगरून मालक घरी गेलेला असला, तर पाणी येतंय हे कळायलाही कुणी नसतं.

१९६० आणि ७० च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेत फायबरग्लासच्या हजारो नौका तयार झाल्या. फायबरग्लास लाकडासारखं कुजत नाही. त्यामुळे त्यांतल्या पुष्कळ आजही पाण्यात आहेत आणि त्यांची मालकी बदलत राहते. नवा मालक आधी शिडं बघतो, इंजिन बघतो. बुडातले व्हॉल्व्ह बघायला मात्र गुडघ्यांवर बसून, फळ्या उचलून, टॉर्च घेऊन आत डोकवावं लागतं. तिथे पुष्कळदा पाणीपुरवठ्याच्या लाइनवर असतो तसा गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह सापडतो. हा काढून टाकावा, यात मला तरी शंका नाही. चाक बघून तो उघडा आहे की बंद ते कळत नाही, आतल्या पट्टीखाली कचरा अडकला की तो पुरता मिटत नाही आणि दांडा झिजला की चाक नुसतंच फिरत राहतं. त्याऐवजी पाव फेऱ्यात फिरणारा बॉल व्हॉल्व्ह घ्यावा. त्याची मूठ पाइपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. अंधारात हात लावूनही कळतं. काही जुन्या इंग्लिश नौकांत शंकूच्या आकाराच्या गट्ट्याचे ब्राँझचे कॉक असतात. ते मात्र घाईने भंगारात घालू नयेत. पॉलिश पेस्टने घासून, ग्रीस लावून ते पुन्हा वर्षानुवर्षं चालतात.

खरा प्रश्न धातूचा आहे. दुकानात पितळेचा आणि ब्राँझचा व्हॉल्व्ह शेजारी ठेवले, तर फरक सांगणं अवघड. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील. आपलं काशाचं ताट याच कुळातलं. साध्या पितळेत चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं आणि खारं पाणी नेमकं ते जस्त शोषून घेतं. मागे उरतो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. आकार तोच, आटेही तेच, पण ताकद गेलेली. इथे पितळ उघडं पडतं ते अक्षरशः: चाकूने खरवडलं, तर पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो. असा व्हॉल्व्ह जोरात मूठ फिरवताना मोडून येऊ शकतो.

यात नावंही फसवतात. ‘मँगनीज ब्राँझ’ हे नाव ब्राँझचं, पण जस्त जवळजवळ चाळीस टक्के; म्हणजे ते पितळच. बुडासाठी हवं ते गनमेटल, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाच टक्के. ब्रिटिश मानकांत याला एलजी-२ म्हणतात, भारतीय मानकांत एलटीबी-२. दुकानदाराला नुसतं ‘मरीन’ म्हणून चालणार नाही, हा दर्जा विचारावा. शिवाय आतला गोळा आणि दांडा कशाचा आहे, तेही विचारावं. बाहेरून ब्राँझ आणि आत क्रोम चढवलेली पितळी गोळी, असा माल सर्रास मिळतो. डीझेडआर नावाचं, जस्त न सोडणारं खास पितळही मिळतं. ते साध्या पितळेपेक्षा पुष्कळ बरं.

गंमत म्हणजे नवी नौका म्हणजे चांगला धातू, असंही नाही. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘गंजरोधक’ची व्याख्या अशी होती की, पाच वर्षांच्या वापरात गळती, ताकद वा काम यांत दोष येऊ नये. पाच वर्षं! या व्याख्येच्या आडोशाने युरोपातल्या अनेक कारखान्यांनी साधं पितळ बसवलं. पन्नास वर्षांच्या नौकेत ब्राँझ आणि पंधरा वर्षांच्या नौकेत पितळ, असं त्यामुळे घडतं.

स्टेनलेस स्टील दिसायला देखणं, पण साचलेल्या, प्राणवायू नसलेल्या पाण्यात फटींमधून पोखरलं जातं. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे व्हॉल्व्ह मात्र विचार करण्याजोगे आहेत. त्यांना गंज नाही, विजेच्या गळतीची भीती नाही. अमेरिकी मानकानुसार सीकॉकच्या आतल्या टोकावर ५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा भार ३० सेकंद टाकला तरी तो टिकला पाहिजे. चांगले नायलॉनचे व्हॉल्व्ह यात उतरतात. पण महिनोन्‌महिने न फिरवता ठेवले की ते घट्ट होतात आणि जोर केल्यावर मूठच तुटते. इंजिनाच्या कप्प्यात, जिथे आगीची शक्यता असते, तिथे मी धातूच निवडेन.

आटे जुळवताना फार सांभाळावं लागतं. ब्रिटिश पद्धतीच्या आणि अमेरिकी पद्धतीच्या पाइपांचे आटे वेगळे. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींचे आटे इंचाला १४ असल्याने ते एकमेकांत बसल्यासारखे वाटतात. एक इंचापासून पुढे ११ आणि साडेअकरा. अमेरिकी मालात तर आरपार पाइपचे आटे सरळ आणि साध्या बॉल व्हॉल्व्हचे निमुळते असतात. दोन-तीन फेरे जातात आणि अडकतं. वर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली की गळत नाही खरं, पण सगळा भार त्या दोन-तीन आट्यांवर. म्हणून पाइप आणि व्हॉल्व्ह एकाच कंपनीचे, एकत्रच घ्यावेत.

मुंबईत पावसाळ्यात नौका पाण्याबाहेर काढून ठेवतात. हे काम करायची तीच वेळ. व्हॉल्व्ह बसवताना आतून प्लायवूडचा, इपॉक्सीने बंद केलेला जाड ठोकळा टेकू म्हणून द्यावा. रबरी नळीला दोन क्लिपा लावाव्यात. नौका पाण्यात सोडताना क्रेनचे पट्टे लगेच सोडू देऊ नयेत. आधी आत जाऊन प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवून बघावा. आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्या भोकाच्या मापाची, मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवावी. व्हॉल्व्ह तुटलाच, तर ती ठोकून बसवता येते आणि पाण्याने फुगून आणखी घट्ट होते.