मुलांच्या हातीं कोणती कादंबरी द्यावी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरीं एक लहानसा कलह उपस्थित झाला, व त्याचें कारण होतें एक पुस्तक. माझ्या धाकट्या बंधूंची नात तेरा वर्षांची आहे; आठवीच्या वर्गांत जाते. दुपारची वेळ होती, घरांतील मंडळी वामकुक्षी करीत होती, आणि ही मुलगी माझ्या कपाटांतून हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी काढून जिन्याच्या पायरीवर वाचीत बसली होती. तिच्या आजीनें तें पाहिलें. “एवढ्याशा पोरीनें केशवपनाचीं आणि वैधव्याचीं वर्णनें वाचायचीं का?” असा तिचा प्रश्न. मुलीच्या आईचें म्हणणें असें कीं, “हातांतला मोबाईल खालीं ठेवून पोर पुस्तक घेऊन बसली आहे, हेंच आपलें भाग्य; तें काढून घेऊं नका.” बंधूंनीं तिसराच पक्ष काढला: वार्षिक परीक्षा चार महिन्यांवर आली असतां कादंबरी हवी कशाला? शेवटीं सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. “अण्णा, तुम्ही जन्मभर मुलांना शिकवलेंत, तुम्हीच सांगा.”

मला लगेच उत्तर देतां आलें नाहीं, आणि त्याला कारण होतें.

मास्तरकी पत्करून मला दोनतीन वर्षें झालीं असतील तेव्हांची गोष्ट. आठवीच्या वर्गाकडून मी संस्कृत शब्द चालवून घेत होतों. शेवटच्या बांकावरील एक मुलगा खालीं मान घालून बसलेला दिसला. जवळ जाऊन पाहतों तों मांडीवर नाथमाधवांची ‘वीरधवल’! मीं तें पुस्तक हिसकावून घेतलें, सर्व वर्गासमक्ष त्याला चार कठोर शब्द ऐकविले आणि पुस्तक टेबलाच्या खणांत टाकून दिलें. मुलगा भिडस्त, त्यानें तें कधीं परत मागितलें नाहीं, आणि मलाहि त्याचें विस्मरण झालें. वर्षअखेर खण आवरतांना तें हातीं लागलें, तेव्हां आंत गांवच्या ग्रंथालयाचा शिक्का दिसला. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, पुस्तक हरवलें म्हणून मुलाच्या वडिलांना त्याची किंमत भरावी लागली, मुलाला मार बसला आणि त्याचें नांव ग्रंथालयांतून कमी झालें. मीं पुस्तक ग्रंथालयांत नेऊन दिलें व भरलेली रक्कम मुलाच्या हातांत ठेवली. त्यानें ती निमूटपणें घेतली. पुढें तो संस्कृतांत चांगले गुण मिळवूं लागला. परंतु क्रमिक पुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक त्याच्या हातांत मला पुन्हां कधीं दिसलें नाहीं.

ज्या नाथमाधवांचें पुस्तक मीं असें जप्त केलें, ते सिंहगडावर शिकारीस गेले असतां कड्यावरून कोसळून कमरेखालीं लुळे झाले होते. अंथरुणास खिळलेल्या त्या काळांत त्यांना वाचनाचा आधार मिळाला व त्यांतूनच ते लेखक झाले. हें मला तेव्हां ठाऊक असतें, तर मीं त्या मुलाशीं निराळें वर्तन केलें असतें काय? सांगवत नाहीं. तेव्हां मी फार कडक होतों, आणि त्या कडकपणाचा मला अभिमान होता.

असो. आतां विषयाकडे वळूं. कादंबरी म्हणजे कांहीं तरी हलकें, अभ्यासाचें वैरी, अशी समजूत आपल्या कित्येक घरांत अजून आहे. वास्तविक हें नांवच आपण सातव्या शतकांतील बाणभट्टाकडून घेतलें. श्रीहर्षाच्या आश्रयास असलेल्या त्या कवीचा ‘कादंबरी’ हा ग्रंथ अपुरा राहिला व तो त्याच्या पुत्रानें पुरा केला. आम्हीं मराठी लोकांनीं व आमच्या कन्नड शेजाऱ्यांनीं त्या एका नायिकेचें नांव सगळ्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलें. (बाणाचा मूळ ग्रंथ मात्र मुलांना देऊं नये. त्याचें एकेक वाक्य संपेपर्यंत मोठ्या माणसाचीहि धाप लागते.)

आमच्या घरच्या वादाचें मूळ जी कादंबरी, तिच्याविषयीं प्रथम सांगतों. १८९० सालीं हरिभाऊंनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें तेव्हां ते सव्वीस वर्षांचे होते, आणि ही कथा त्यांतच क्रमशः छापली गेली. हें साप्ताहिक घरांतील सर्वांनीं वाचावें असेंच काढलेलें होतें. म्हणजे ज्या कथेला आज आपण मुलींपासून दूर ठेवूं पाहतों, ती मुळांत कुटुंबासाठींच लिहिली गेली. यमू स्वतःच आपली हकीगत सांगते. आरंभीं तिच्या आणि दादाच्या लहानपणच्या खेळांत व भांडणांत वाचणारें मूल सहज रमतें, आणि मग हळूहळू त्या खेळकर आवाजावरच काय काय कोसळतें तें पाहत जातें. शेवटचा भाग भयंकर आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु तेरा वर्षांच्या मुलीला तो झेपणार नाहीं असें म्हणतांना आपण हें विसरतों कीं, त्या काळीं त्याच वयाच्या मुलींना तो प्रत्यक्ष भोगावा लागत होता. माझें मत असें कीं, पुस्तक अवश्य द्यावें, आणि मुलीच्या आधीं मुलाला द्यावें. मात्र तें वाचीत असतां घरांत विचारण्याजोगें कोणी तरी वडील माणूस मोकळें असावें. प्रश्न पडतात ते त्याच दिवशीं पडतात, रविवारपर्यंत थांबत नाहींत.

ज्यांना शिवकालाची ओढ आहे, त्यांनीं हरिभाऊंच्याच ‘गड आला पण सिंह गेला’पासून आरंभ करावा, ती आटोपशीर आहे. ती आवडली तर ‘उषःकाल’ घ्यावी. सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरकरांशीं एकनिष्ठ, आणि त्यांचा पुत्र शिवाजीमहाराजांकडे ओढला गेलेला. बापाचें इमान खोटें नव्हे आणि मुलाची ओढहि खोटी नव्हे. चौदापंधरा वर्षांच्या मुलाला ही कथा तलवारीच्या खणखणाटाहून अधिक भिडते, असा माझा अनुभव आहे. कारण त्या वयांत प्रत्येकाच्या घरीं लहान प्रमाणावर तोच प्रसंग चाललेला असतो. रणजित देसायांची ‘स्वामी’ व शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ हीं पुस्तकें बहुतेक घरांत आहेतच. नववी-दहावींत मुलें तीं आपण होऊन उघडतात. तेथें एकच सूचना. कर्णाविषयीं म्हणून मुलें मला ज्या गोष्टी सांगतात, त्यांतील कित्येक व्यासांना ठाऊक नव्हत्या. कादंबरी कोठें संपते आणि महाभारत कोठें सुरू होतें, हें कोणी तरी सांगावयास हवें.

‘श्यामची आई’ हें नांव यादींत नसेल तर यादी अपुरी वाटेल. साने गुरुजींनीं तें १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहिलें, व १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. परंतु आपण मोठी माणसें या पुस्तकाचा उपयोग छडीसारखा करतों. “बघ, श्याम कसा वागत होता!” असें म्हणून दिलेलें पुस्तक कोणतें मूल आनंदानें वाचील? खरें पाहतां श्याम कांहीं आदर्श बालक नव्हे. तो हट्टी आहे, भित्रा आहे, खोटें बोलतो, आणि मग त्याला पश्चात्ताप होतो. आणि त्या बेचाळीस रात्रींच्या आड एका कोंकणस्थ घराची पडझड आहे: भाऊबंदकी, कर्ज, सावकाराचा तगादा, दारांत झालेला अपमान. मुलाला तें पुस्तक उपदेश न करतां द्या. वयाच्या दहाव्या वर्षीं तें आईचें पुस्तक वाटेल आणि पंधराव्या वर्षीं घराचें.

आतां माझें स्वतःचें अत्यंत आवडतें पुस्तक. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक एक पोरसवदा शाळामास्तर आहे, तेव्हां माझा पक्षपात वाचकांनीं गृहीत धरावा. औंध संस्थानांतील धनगरांच्या एका लहानशा वाडीवर त्याची नेमणूक होते. तो पहांटे निघून पायीं तेथें पोंचतो, तों शाळेंत मूलच नाहीं! मुलें मेंढरांमागें गेलेलीं. हळूहळू म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या साहाय्यानें शाळा भरूं लागते; लोक मास्तराकडे आपले तंटे आणतात; सर्वांच्या मेहनतीनें तालीम उभी राहते. पुढें दुष्काळ येतो. वाडीचें काय होतें, तें मी सांगणार नाहीं. पुस्तक जेमतेम दीडशें पानांचें, वाक्यें लहान, आणि त्यांत एकहि शब्द वायफळ नाहीं. शहरांत वाढलेल्या मुलाला आरंभीं “यांत कांहीं घडतच नाहीं” असें वाटतें. त्याला पन्नास पानें धीर धरावयास सांगावें. मराठी कशी लिहावी, हें मीं स्वतः ज्या दोनचार पुस्तकांवरून शिकलों त्यांत हें एक आहे, जरी माझ्या लिहिण्यावर तें दिसत नसलें तरी.

सर्वच मुलें गंभीर प्रकृतीचीं नसतात, आणि तीं तशीं असूंहि नयेत. पांचवी ते सातवीच्या मुलांना भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्यावा. फुरसुंगीचा हा काडीपहिलवान बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनांत शिकतो, सायकल भरधाव हाणतो आणि नको तेथें नाक खुपसून चोरांना पकडतो. याच भागवतांनीं ज्यूल व्हर्नला मराठींत आणलें. व्हर्न वाचतांना आपल्या मुलांना एक अधिक गंमत लाभते. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा त्याचा फॉग मुंबईस उतरतो. त्याचा नोकर मलबार हिलवरील देवळांत बूट घालून शिरतो आणि पुजाऱ्यांच्या हातून मार खातो. पुढें आगगाडीचा रस्ता अर्धवट बांधलेला निघतो, म्हणून फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो. व्हर्ननें हिंदुस्थान डोळ्यांनीं कधींच पाहिला नव्हता. त्याच्या चुका शोधण्याचें काम मुलांना द्यावें. आमच्या घरीं एका संध्याकाळीं बऱ्याच निघाल्या. पाणबुडींतला तो गूढ कप्तान नेमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र व १८५७ च्या युद्धांत लढलेला, हें रहस्य व्हर्न पुढच्या ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरींत उघड करतो. हें ऐकून माझा एक विद्यार्थी उभाच राहिला होता.

अनुवादांत आणखी एक नांव घेतों. लुइझा मे अल्कॉटची ‘लिटल विमेन’ ही अमेरिकन कादंबरी १८६८-६९ सालची. शांताबाई शेळक्यांनीं तिला ‘चौघीजणी’ हें सुरेख मराठी रूप दिलें. वडील युद्धावर, घरांत बेताची मिळकत, आई आणि चार मुली. नाटकाला बरोबर नेलें नाहीं म्हणून धाकटी बहीण रागाच्या भरांत मोठीचें हस्तलिखित जाळून टाकते, हा प्रसंग एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणत्याहि मुलीला समजावून सांगावा लागत नाहीं. मुलगे हें पुस्तक “मुलींचें” म्हणून टाळतात. त्यांतल्या एकाला मीं मोठ्यानें वाचून दाखविण्याच्या मिषानें तें अर्धें वाचावयास लावलें. उरलेलें त्यानें रात्रीं गुपचूप संपविलें.

अलीकडच्या लेखकांत प्रकाश नारायण संत यांची ‘वनवास’ व तिच्या पुढचीं पुस्तकें अवश्य घरांत असावींत. काटेकोरपणें त्या कादंबऱ्या नव्हेत, कथा आहेत. पण आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन सर्व कथांत एकच आहे. ती बेळगांवकडची मराठी कानाला फार गोड लागते. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’विषयीं मात्र घरांत मतभेद होईल. १९७५ नंतरच्या आणीबाणीच्या दिवसांतील नववीचीं मुलें, त्यांचीं पहिलीं आकर्षणें, त्यांची चौकांतली भाषा, सर्व जसेंच्या तसें. पालकांनीं ती आधीं स्वतः वाचावी. मीं वाचली तेव्हां मुलांच्या प्रेमप्रकरणापेक्षां त्यांच्या नजरेंतून दिसणारे मास्तर पाहूनच मला घाम फुटला. नववीच्या खालीं देऊं नये. नववीनंतर लपवूंहि नये, कारण मित्रांकडून ती मिळतेच.

एक व्यावहारिक गोष्ट. पुस्तक आवडलें नाहीं तर तें अर्ध्यावर सोडण्याची मुलाला मोकळीक असावी, आणि वाचून झाल्यावर “यांतून काय बोध घेतलास?” हा प्रश्न कोणींहि विचारूं नये. हा प्रश्न मीं चौतीस वर्षें विचारला. मला एकहि खरें उत्तर मिळालें नाहीं.

तर त्या दुपारीं मीं ‘वीरधवल’ची हकीगत सर्वांना सांगितली आणि पुस्तक मुलीच्या हातीं परत दिलें. भावजय कांहीं बोलली नाहीं. तिचें समाधान झालेलें नव्हतें. आठ दिवसांनीं कादंबरी संपली. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलगी मला विचारते, “अण्णाआजोबा, आपल्या घरांत कोणी होतें का हो यमूसारखें?” मीं उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, तोंच स्वयंपाकघराच्या दारांतून भावजय म्हणाली, “माझ्या माहेरीं होती. माझ्या वडिलांची आत्या. लाल आलवण नेसायची. मी शाळेंतल्या मैत्रिणींना घरीं आणीत नसें, ती दिसेल म्हणून.” मग हात पुसून ती नातीशेजारीं येऊन बसली. त्या आत्याबाईंचें माहेरचें नांव काय होतें, त्यांना किती श्लोक पाठ होते, त्या ताक कसें घुसळीत, आणि त्यांचा फोटो कोणीं कसा काढूंच दिला नाहीं, हें सर्व तिनें आम्हांला सांगितलें. चाळीस वर्षांच्या संसारांत माझ्या बंधूंनीं यांतलें अवाक्षरहि ऐकलेलें नव्हतें. साडेअकरा वाजून गेले तरी कोणी उठलें नाहीं.

तें पुस्तक अद्याप माझ्या कपाटांत परत आलेलें नाहीं. तें भावजयीच्या उशाशीं आहे. टाईप बारीक आहे अशी तिची तक्रार आहे, म्हणून मोठ्या टाईपची प्रत कोठें मिळते काय, याचा मी शोध करीत आहें.